धान्यापासून एल : इंग्रजी पद्धतीची तत्त्वे आणि अमडापूर परिसरातील ज्वारी

द्राक्षे, मोहाची फुले किंवा ताडामाडाचा रस यांपासून मद्य तयार होण्यास माणसाच्या हस्तक्षेपाची फारशी आवश्यकता नसते. या पदार्थांत साखर तयारच असते आणि हवेतील व सालीवरील यीस्ट तिचे किण्वन आपोआप सुरू करते. धान्याची गोष्ट निराळी आहे. कोरड्या दाण्यात मुक्त साखर अत्यल्प असते. त्याचा सारा साठा स्टार्चच्या रूपाने असतो आणि मद्यनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या यीस्टला स्टार्चचे विघटन करता येत नाही. म्हणून धान्यापासून पेय तयार करण्याचा प्रश्न हा मुळात स्टार्चचे साखरेत रूपांतर करण्याचा प्रश्न होय. पूर्व आशियात तो बुरशीच्या साहाय्याने सोडविण्यात आला; जपानी साके हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. युरोपात व आफ्रिकेत मात्र हे काम खुद्द अंकुरणाऱ्या दाण्याकडूनच करवून घेण्यात आले. इंग्रजी पद्धतीचे एल हे या दुसऱ्या परंपरेतील पेय आहे.

घरगुती प्रमाणावर सातूपासून एल तयार करताना कोणत्या क्रिया घडतात व त्या त्याच क्रमाने का घडाव्या लागतात, हे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू. बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरसारख्या गावाचे धान्य, पाणी व हवा विचारात घेता ही तत्त्वे तेथे कितपत लागू पडतात, हे तपासणे हा दुसरा. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बल्लाळदेवीच्या टेकडीमुळे ओळखले जाणारे हे गाव सातूच्या प्रदेशातील नव्हे. ते ज्वारीच्या प्रदेशातील आहे. इंग्रजी पद्धतीत सार्वत्रिक काय आणि केवळ इंग्लंडच्या हवामानाचे व पिकाचे काय, हे वेगळे काढण्यास असे गावच अधिक उपयोगी ठरते.

कायद्याची मर्यादा

विवेचनापूर्वी कायद्याची स्थिती स्पष्ट केली पाहिजे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याच्या १२ व्या कलमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई असून ६५ व्या कलमात त्याबद्दल शिक्षा सांगितलेली आहे. ‘मद्य’ या संज्ञेत बिअरचाही अंतर्भाव होतो. घरच्या उपयोगासाठी केले, विकले नाही, हा बचाव येथे चालत नाही. इंग्लंडमध्येही १८८० च्या कायद्याने घरगुती एल करणाऱ्यास परवाना घ्यावा लागे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली, आणि त्यानंतरच तेथे या छंदाचा प्रसार झाला. तात्पर्य, पुढील वर्णन हे क्रियेचे स्पष्टीकरण आहे. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरासाठी दिलेली कृती नव्हे. धान्याचे माल्ट करण्यास मात्र कोणतीही बंदी नाही, आणि या विषयाचा महत्त्वाचा भाग माल्टमध्येच आहे.

माल्ट

‘एल’ व ‘बिअर’ हे शब्द आज जवळजवळ समानार्थी वाटतात. पण पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्यांत स्पष्ट भेद होता. हॉप न घातलेले ते एल आणि फ्लँडर्सकडून आलेल्या रीतीप्रमाणे हॉप घातलेले ते बिअर. पुढे एलमध्येही हॉप पडू लागले आणि हा भेद मावळला. आजचा भेद यीस्टवर अवलंबून आहे: उबदार तापमानास काम करणाऱ्या व पृष्ठभागावर फेसाबरोबर चढणाऱ्या यीस्टने केलेले ते एल, आणि थंड तापमानास तळाशी बसणाऱ्या यीस्टने केलेले ते लागर. दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे माल्ट.

सातूचा कोरडा दाणा सुमारे १२ टक्के ओलाव्यावर सुप्त असतो. तो पाण्यात भिजवून व मधूनमधून उपसून हवेशीर ठेवून ओलावा ४२ ते ४५ टक्क्यांपर्यंत नेला की त्याला जाग येते. मग दाणे पसरून १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात चार ते सहा दिवस अंकुरू देतात. या काळात दाण्यात तीन गोष्टी घडतात. स्टार्चच्या कणांभोवतीच्या पेशीभित्ती विरघळतात व दाणा ठिसूळ होतो. प्रथिनांचे अंशतः विघटन होऊन यीस्टला लागणारी नायट्रोजनयुक्त द्रव्ये मोकळी होतात. आणि स्टार्चचे विघटन करणारी एंझाइमे निर्माण किंवा कार्यक्षम होतात. १८३३ मध्ये पायाँ व पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टच्या अर्कातून जे द्रव्य वेगळे करून त्याला ‘डायास्टेज’ हे नाव दिले, ते याच एंझाइमांचे मिश्रण होय.

अंकुराला हा सर्व साठा स्वतःच्या वाढीसाठी हवा असतो. माल्ट करणाराची कला अशी की, कोठाराचे कुलूप उघडले जावे, पण कोठार रिकामे होण्यापूर्वीच वाढ थांबावी. त्यासाठी माल्ट भट्टीत सुकवितात. प्रथम मंद उष्णतेने ओलावा घालवून मगच तापमान वाढवितात. कारण ओल्या अवस्थेत एंझाइमे उष्णतेने लवकर नष्ट होतात, कोरड्या अवस्थेत ती पुष्कळ उष्णता सहन करतात. सुकल्यावर मुळे घासून काढून टाकतात.

मॅश

भरडलेले माल्ट गरम पाण्यात कालविण्याच्या क्रियेस मॅश म्हणतात. इंग्रजी पद्धतीचे वैशिष्ट्य म्हणजे हे सर्व काम एकाच तापमानास, बहुधा ६५ ते ६७ अंशांवर, तासदीड तासात उरकले जाते. हा आकडा तडजोडीतून आलेला आहे. बीटा अमिलेज हे एंझाइम स्टार्चच्या साखळीच्या टोकाकडून माल्टोज ही साखर तोडते. त्याला ६० ते ६५ अंश मानवतात व त्याहून अधिक उष्णतेत ते लवकर निकामी होते. अल्फा अमिलेज साखळी मधूनच तोडते व ७० अंशांच्या पुढेही तग धरते. तापमान थोडे कमी ठेवल्यास यीस्टला पचणारी साखर अधिक व पेय कोरडे. थोडे अधिक ठेवल्यास न पचणारी डेक्स्ट्रिने अधिक व पेय भरीव. सातूचा स्टार्च ६० अंशांच्या आसपासच फुगून मोकळा होतो, म्हणजे ज्या तापमानास एंझाइमे जिवंत असतात त्याच तापमानास त्यांचे भक्ष्यही तयार असते. इंग्रजी पद्धतीचा सोपेपणा या योगायोगावर उभा आहे.

प्रमाणांची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण पाहू. २० लिटर सामान्य एलसाठी चार ते साडेचार किलो फिकट माल्ट लागते. दर किलोस अडीच लिटर पाणी घेतले आणि मॅशचे तापमान ६६ अंश हवे असेल, तर माल्ट १५ अंशांवर असताना पाणी सुमारे ७४ अंश तापवावे लागते. अमडापूरच्या मे महिन्यातील ४० अंशांच्या खोलीत ठेवलेल्या माल्टास ७० अंशांचे पाणी पुरते. इंग्रजी पुस्तकातील आकडा जसाच्या तसा उचलल्यास मॅश तीनचार अंश अधिक तापेल व बीटा अमिलेजचा मोठा भाग अल्पावधीत वाया जाईल. अंकगणित साधे आहे, पण परक्या हवामानातील प्रयोग नेमके अशाच ठिकाणी फसतात.

मॅशनंतर पाणी निथळून घेतात व वरून गरम पाणी शिंपडून उरलेली साखर धुऊन घेतात. या वेळी सातूचे टरफल गाळणीचे काम करते. मिळालेल्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. तो सुमारे एक तास उकळतात. उकळण्याने जंतू मरतात, एंझाइमांचे कार्य थांबते, प्रथिने साकळून खाली बसतात आणि हॉपमधील अल्फा आम्लांचे कडू व विद्राव्य रूपांतर होते. हॉपचे काम केवळ चवीचे नव्हे. दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या बऱ्याच जंतूंना ते आवर घालते. हिंदुस्थानाकडे येणाऱ्या एलमध्ये म्हणूनच हॉप भरपूर असे. लंडनच्या बो भागातील हॉजसनच्या कारखान्याचे व १८२० नंतर बर्टनच्या कारखान्यांचे असे एल मुंबई व कलकत्ता या बंदरांत उतरत असे, आणि त्यातूनच ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झाले.

शेवटची पायरी किण्वनाची. वर्ट त्वरेने थंड करून त्यात यीस्ट सोडतात व १८ ते २२ अंशांवर साधारण आठवडाभर ठेवतात. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून तत्त्वतः ९२ ग्रॅम अल्कोहोल व ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. वर्टची सापेक्ष घनता १.०४५ असून ती १.०११ पर्यंत उतरली, तर पेयात सुमारे साडेचार टक्के अल्कोहोल असते. पाश्चरने १८७६ च्या बिअरविषयक ग्रंथात पेय बिघडण्याचे कारण परके सूक्ष्मजीव हे होय असे दाखवून दिले, आणि १८८३ मध्ये कोपनहेगन येथे हॅन्सनने एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट कारखान्यात वापरून त्या निष्कर्षाची व्यावहारिक बाजू पूर्ण केली.

ज्वारी आणि सातू

आता हेच तत्त्व ज्वारीस लावून पाहू. आरंभ अनुकूल आहे. सातूला अंकुरण्यास १५ ते १८ अंश लागतात. अमडापूरच्या हवेत ते हिवाळ्यातील मोजक्या आठवड्यांतच मिळतील. ज्वारीला मात्र २५ ते ३० अंश मानवतात व चारपाच दिवसांत तिचे माल्ट तयार होते. घरोघरी मटकीला ज्या रीतीने मोड आणतात, त्याच रीतीने, म्हणजे भिजवणे, उपसणे, ओल्या फडक्यात दडपून ठेवणे आणि अधूनमधून पाणी शिंपडणे, येथेही काम भागते.

अडचणी पुढे येतात. पहिली अडचण अशी की, ज्वारीचा स्टार्च सुमारे ६८ ते ७८ अंशांच्या दरम्यान फुगतो. तेवढ्या उष्णतेत बीटा अमिलेज टिकत नाही. आणि ज्वारीच्या माल्टात ते मुळातच सातूच्या मानाने कमी असते. म्हणजे सातूत जो योगायोग जुळून आला, तो येथे मोडतो. इंग्रजी पद्धतीने ६६ अंशांवर ज्वारीचे मॅश केल्यास एंझाइमे जागी, पण स्टार्च बंदिस्त, अशी अवस्था होते. यावरील उपाय क्रम बदलण्याचा आहे. माल्ट प्रथम ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात कालवितात. एंझाइमे पाण्यात उतरली की वरचे निवळ पाणी बाजूस काढून ठेवतात. उरलेला गाळ उकळून स्टार्च पूर्णपणे शिजवितात. आणि तो ६५ अंशांच्या खाली आल्यावर राखून ठेवलेले पाणी परत त्यात मिसळतात. तत्त्व तेच राहते. केवळ जे सातूत एकाच भांड्यात व एकाच वेळी होते ते येथे दोन भांड्यांत व दोन वेळी करावे लागते.

दुसरी अडचण गाळण्याची. मळलेल्या ज्वारीस टरफल नसते. त्यामुळे मॅशचा चिखल होऊन निथळणे थांबते. भाताचे तूस मिसळल्यास ही अडचण दूर होते. तिसरी बाब चवीची. ज्वारीच्या वर्टमध्ये माल्टोजच्या मानाने ग्लुकोज अधिक असते, पेय हलके होते व फेस कमी टिकतो. १९८८ मध्ये नायजेरियाने सातूच्या माल्टाची आयात बंद केली, तेव्हा तेथील मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले. त्यांनी बाहेरून तयार एंझाइमे घालून हा प्रश्न सोडविला. दक्षिण आफ्रिकेतील पारंपरिक ज्वारीपेये मात्र गढूळ, आंबट व ताजी असतानाच पिण्याची असतात. त्यांनी ज्वारीच्या स्वभावाशी झगडा न करता तो स्वीकारला, असे म्हणता येईल.

मोड आलेल्या ज्वारीतील विष

यापेक्षा गंभीर बाब निराळीच आहे. ज्वारीच्या कोरड्या दाण्यात नगण्य असलेले धुरीन हे ग्लायकोसाइड अंकुरण्याबरोबर, मुख्यतः कोवळ्या अंकुरात, मोठ्या प्रमाणात तयार होते. पेशी चिरडल्या गेल्या की त्याचे विघटन होऊन हायड्रोसायानिक आम्ल मोकळे होते. १०० ग्रॅम ज्वारीपासून वाढलेल्या अंकुरांतून सुटू शकणारे हे विष प्रौढ माणसाच्या घातक मात्रेपर्यंत पोचू शकते, असे प्रयोगशाळेतील मापनांवरून दिसून आलेले आहे.

वऱ्हाडातील शेतकऱ्यास या विषाचा परिचय दुसऱ्या वाटेने आहे. पावसाने ताण दिल्याने खुरटलेली कोवळी ज्वारी, किंवा कापणीनंतर धसकटांना फुटलेले पोंगे खाऊन जनावरे दगावतात. त्यालाच ‘किराळ लागणे’ म्हणतात. धुऱ्यावरचे किराळ आणि फडक्यातील मोड यांचे कारण एकच आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. मूग, मटकी यांचे मोड कच्चे खाण्याची सवय असलेल्या घरात, ‘कडधान्य तसे ज्वारी’ अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व तान्ह्या मुलांनाही निर्धास्तपणे देतात. त्याच धर्तीवर ज्वारीचे सत्त्व करताना हा भेद पाळलाच पाहिजे.

येथे नुसते सुकविणे पुरेसे नाही, कारण धुरीन हे सुकविण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. सुकल्यावर मुळे व अंकुर दोन्ही चोळून, पाखडून पूर्णपणे काढून टाकणे ही पहिली आवश्यक क्रिया. उरलेल्या अंशासाठी पाण्यात कालवून, मग झाकण न ठेवता चांगले उकळणे ही दुसरी. हायड्रोसायानिक आम्ल सुमारे २६ अंशांवरच वायुरूप होते, त्यामुळे एकदा मोकळे झाल्यावर ते वाफेबरोबर निघून जाते. ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत आणि काढलेले अंकुर गुराढोरांपुढेही टाकू नयेत, एवढा नियम प्रत्येक घराला कळला तरी या विवेचनाचे चीज होईल.

पाणी आणि हवा

बर्टनच्या पाण्यात जिप्सम विपुल आहे व त्यामुळे तेथील फिकट एल प्रसिद्धीस आले. जिप्सममधील कॅल्शियम मॅशची आम्लता योग्य पातळीवर, म्हणजे पीएच ५.२ ते ५.५ च्या दरम्यान, आणण्यास मदत करते. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी जड असले तरी त्याचा जडपणा बहुतांशी बायकार्बोनेटांचा असतो आणि त्यांचा परिणाम उलट होतो. पाणी उकळून, गार करून, खाली बसलेला चुना मागे ठेवून वरचे पाणी घेतल्यास हा दोष बराच कमी होतो. हॉपच्या वेलीस फुलोऱ्यासाठी उन्हाळ्यातील दीर्घ दिवस लागतात. सुमारे २० अंश अक्षांशावरील अमडापूरचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो; भारतात हॉपची लागवड लाहौल व काश्मीर यांसारख्या थंड खोऱ्यांतच साधली, याचे हे एक कारण होय.

किण्वनाच्या वेळी यीस्ट स्वतःही उष्णता निर्माण करते. द्रव २५ अंशांपलीकडे गेला की उग्र वासाची उच्च अल्कोहोले वाढतात. उन्हाळ्यात हे अशक्य वाटेल. परंतु माठातील पाणी थंड करणारे तत्त्व येथेही लागू पडते. हवेचे तापमान ४० अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असता ओल्या गोळ्याचा तापमापक सुमारे २१ अंश दाखवितो. भांड्याभोवती ओले गोणपाट व वाऱ्याची जागा असल्यास द्रव त्या मर्यादेच्या बराच जवळ आणता येतो. पावसाळ्यात हवा तुलनेने थंड असूनही हा उपाय चालत नाही, कारण बाष्पीभवनच मंदावते. म्हणजे या कामास खरा प्रतिकूल काळ वैशाख नसून श्रावण होय.

कोणती ज्वारी?

गेल्या चार दशकांत बुलढाणा जिल्ह्यात ज्वारीखालील क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटले व तेथे सोयाबीन आले. यामागील कारणांपैकी एक कणसाशीच आहे. खरिपाची ज्वारी पक्व होताना परतीचा पाऊस गाठतो. दाणा काळा पडतो किंवा कणसातच मोड फुटतात, आणि बाजारात त्याला भाव राहत नाही. अशा ज्वारीचे माल्ट करावे, ही कल्पना प्रथमदर्शनी आकर्षक वाटते. ती टिकणारी नाही.

माल्टासाठी दाणा जिवंत असावा लागतो. शंभरांतील किमान नव्वद दाणे अंकुरले पाहिजेत. काळ्या पडलेल्या दाण्याचा गर्भ पुष्कळदा मेलेला असतो, आणि कणसात एकदा फुटून सुकलेला दाणा पुन्हा नीट अंकुरत नाही. शिवाय माल्टाची ऊब व ओल बुरशीलाही तितकीच मानवते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसाने भिजून बुरसटलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटाच्या विकाराची साथ उद्भवली होती. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीजन्य विष आढळले. ते उकळण्याने सहजासहजी नष्ट होत नाही.

मद्यार्काच्या कारखान्याची गोष्ट वेगळी. तेथे दाणा शिजवून बाहेरून एंझाइमे घालतात, म्हणून मेलेला दाणाही चालतो. धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये स्वीकारले व त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात खराब ज्वारीस गिऱ्हाईक मिळेल हा युक्तिवाद पुढे आला, तो याच आधारावर. तो युक्तिवाद माल्टाला लावणे शास्त्रदृष्ट्या चूक ठरेल. मद्यार्काला केवळ स्टार्च हवा असतो. माल्टाला बियाण्याच्या योग्यतेचा दाणा हवा असतो.

या कसोटीला उतरते ती मुख्यतः रब्बीची ज्वारी. पश्चिम महाराष्ट्रातील शाळू असो की खानदेशातील दादर, ती कोरड्या हवेत पिकते, तिचा दाणा स्वच्छ राहतो व अंकुरणशक्ती टिकते. अशा ज्वारीच्या निरनिराळ्या वाणांचे माल्ट करून त्यांतील एंझाइमांचे बळ, अंकुर काढल्यानंतर उरणारे धुरीन व सुकविण्यातील वजनाची घट यांची मापने शेजारी शेजारी मांडणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यास मद्याच्या परवान्याची गरज नाही. तराजू, तापमापक, सुकविण्याची पेटी व सायनाइडचे सूक्ष्म मापन करण्याची सोय, एवढे साहित्य पुरेसे आहे. अशा माल्टाचा उपयोग अंबिलीपासून बालकांच्या सत्त्वापर्यंत आणि ग्लूटेन न चालणाऱ्या रुग्णांच्या आहारापर्यंत होऊ शकतो. एलच्या अभ्यासातून अमडापूरच्या शेतकऱ्याच्या पदरात प्रत्यक्ष पडण्यासारखे काही असेल, तर ते पेय नव्हे. जिवंत दाण्याला मेलेल्या दाण्याहून अधिक मोल का मिळावे, याचे मोजून दिलेले उत्तर होय.